पेशींना मऊ-कडक कळतं का, स्वतः करून बघा

पेशीला डोळे नाहीत पण खालची जमीन मऊ आहे की कडक हे तिला बरोबर कळतं. ती इंटेग्रिनने (पेशीच्या पृष्ठभागावरची पकड घेणारी प्रोटीन्स) खालचा पृष्ठभाग पकडते आणि आतल्या अ‍ॅक्टिन-मायोसिनच्या (पेशीतले ताणणारे धागे आणि त्यांना ओढणारी मोटर) जोरावर ओढून बघते, खालचं कडक असेल तर टॅलिन नावाचं प्रोटीन ताणलं जाऊन उलगडतं, त्यावर व्हिन्क्युलिन येऊन बसतं आणि पकड अजून घट्ट होते. मऊ असेल तर जमीनच सरकते, ताण बसत नाही.

हे बघायला पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं जेल बेस्ट. आधी कव्हरस्लिपला (पातळ काचेला) सिलेन आणि ग्लुटराल्डिहाइड, म्हणजे जेल काचेला धरून ठेवणारी रसायनं, लावून घ्या, हे टाळलं की जेल सुटून तरंगतं (माझं दोनदा तरंगलंय). मग दोन मिक्स करा: मऊसाठी ५% अ‍ॅक्रिलामाइड + ०.१५% बिस (बिस-अ‍ॅक्रिलामाइड, साखळ्या एकमेकींना जोडणारं) म्हणजे साधारण ४-५ किलोपास्कल (कडकपणाचं माप), आणि कडकसाठी १०% + ०.३% म्हणजे साधारण ३५ किलोपास्कल. शेवटी एपीएस आणि टेमेड (जेल जमवणारी रसायनं) टाकायचं, आणि ते टाकल्यावर फोन बघत बसू नका, लगेच ओता. ग्लोव्ह्ज हवेतच, न जमलेलं अ‍ॅक्रिलामाइड मज्जातंतूंना विषारी असतं. जेल निदान ७०-१०० मायक्रॉन जाड ठेवा, फार पातळ झालं तर पेशीला खालची काच जाणवते आणि सगळी मेहनत वाया.

नुसत्या जेलला पेशी चिकटत नाहीत, म्हणून सल्फो-सॅनपाह (यूव्हीने जेलला जोडलं जाऊन वर प्रोटीन पकडणारं रसायन) टाकून यूव्ही द्या, धुवा, मग कोलॅजेन (पेशी ज्याला पकडतात ते प्रोटीन) लावा. दोन्ही जेलवर कोलॅजेन सारखंच बसलंय ना हे तपासा, नाहीतर फरक कडकपणाचा की कोलॅजेनचा, काय सांगणार?

आता खरी गोम. पेशी विरळ टाका, एकमेकींना न टेकतील इतक्या. दुसऱ्या दिवशी यॅप प्रोटीनचं (ताण असला की केंद्रकात जाऊन जनुकं चालू करायला मदत करणारं) स्टेनिंग करा, म्हणजे ते रंगवून कुठे आहे ते बघा, कडक जेलवर पेशी पसरलेल्या आणि यॅप केंद्रकात, मऊवर पेशी गोलसर आणि यॅप बाहेर सायटोप्लाझममध्ये, असं दिसायला हवं. पण गर्दी झाली की कडक जेलवरही यॅप बाहेर येतं, आणि लोक उगाच जेलला दोष देत बसतात.

आणि एक कंट्रोल (पडताळणीचा प्रयोग) विसरू नका, कडक जेलवरच्या काही पेशींना ब्लेबिस्टॅटिन हे रसायन द्या. त्याने मायोसिन थांबतं, ओढणंच बंद होतं, मग जमीन कितीही कडक असली तरी यॅप केंद्रकातून निघतं.