आपत्कालीन सेवेतील कर्मचाऱ्यांनी मार्शल आर्ट्सचा सराव कसा सुरू करावा

जमिनीवर पडलेल्या माणसाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत असताना त्याने अर्धवट शुद्धीत आपले मनगट घट्ट पकडले, तर काय करायचे हे रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्याच्या हाताला आधीच ठाऊक असावे लागते. रक्तातील साखर खालावलेला, डोक्याला मार लागलेला किंवा अपस्माराच्या झटक्यातून सावरणारा माणूस अंगावर धावून येऊ शकतो, पण तो शत्रू नसतो. त्याला मारायचे नाही आणि आपणही अडकून पडायचे नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस सेवेतील माणसांना मार्शल आर्ट्सचा खरा उपयोग होतो तो इथे, म्हणून सरावाची निवडही याच कसोटीवर करावी.

माझ्या मते सुरुवात ज्युदो किंवा जुजुत्सूसारख्या पकडीच्या प्रकारापासून करणे श्रेयस्कर. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये ज्युदोची स्थापना केली, तेव्हा जुन्या जुजुत्सूतील धोकादायक डाव मुक्त सरावातून वगळले. त्यामुळे समोरचा खरोखर जोर लावत असतानाही दुखापतीची फारशी भीती न बाळगता सराव करता येतो. कराटे किंवा तायक्वांदो यांतून पायांची हालचाल आणि अंतराचे भान उत्तम येते. मात्र डोक्यावर जोराचे प्रहार होणारा सराव टाळावा, कारण मेंदूला बसलेला हादरा घेऊन वाहन चालवणे किंवा शिडी चढणे इतरांच्याही जिवावर बेतू शकते. प्रवेश घेण्यापूर्वी एक वर्ग बाजूला बसून पाहावा. जोडीदाराने ‘सोड’ या अर्थाने हाताने थाप देताच पकड तत्काळ सुटते का, आणि नवशिक्यांना डावांआधी पडायला शिकवतात का, एवढ्या दोन गोष्टींवरून प्रशिक्षकाची पारख होते.

पडायला शिकणे हा या विद्येचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ओल्या जिन्यावर, अंधारात, वीस किलोंहून अधिक साहित्य अंगावर असताना पाय घसरला की माणूस स्वाभाविकपणे हात ताठ करून टेकवतो आणि मनगटाचे किंवा गळपट्टीचे हाड मोडते. ज्युदोतील ‘उकेमी’, म्हणजे सुरक्षितपणे पडण्याचे तंत्र, ही सवय मोडून काढते. प्रथम मॅटवर उकिडवे बसावे, हनुवटी छातीला टेकवून नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवावी आणि पाठ गोल करून मागे लोळावे. पाठ टेकत असतानाच दोन्ही हात शरीरापासून साधारण ४५ अंशांवर, तळवे खाली ठेवून मॅटवर आपटावेत आणि श्वास बाहेर सोडावा. डोके मॅटला अजिबात लागता कामा नये. हे सहज जमू लागल्यावरच उभ्याने पडण्याकडे वळावे. पाठीवर हवेचे सिलिंडर वागवणाऱ्या जवानांनी कुशीवर पडण्याचा सराव अधिक करावा, कारण सिलिंडरसह पाठीवर गोल लोळता येत नाही.

मनगट सोडवताना हात ओढू नये. ओढाताणीत जास्त ताकदवानच जिंकतो. कोणत्याही पकडीत अंगठा आणि बोटांची टोके जिथे भेटतात ती जागा सर्वांत कमकुवत असते, त्यामुळे मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवावी, एक पाऊल जवळ जाऊन कोपर पुढे ढकलावे आणि त्याच ओघात हात बाहेर काढावा. हात सुटताच मागे सरून दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर उघडे ठेवावेत: यातून समोरच्याला धमकी वाटत नाही, पण पुढचा वार अडवण्यासाठी हात तयार असतात. सराव करतानाच ‘शांत व्हा, मी मदतीला आलो आहे’ असे मोठ्याने बोलण्याची सवय लावावी, कारण तणावात आवाज आणि हात एकत्र चालवणे वाटते तितके सोपे नाही. आपल्यामागची बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे, हेही दर वेळी पाहून घ्यावे.

मुक्त सरावात जोडीदाराचे पूर्ण वजन छातीवर येते, तेव्हा घाबरून उथळ श्वास घेतला की दोन मिनिटांत दम संपतो. तिथे श्वास लांबवून सोडण्याची जी सवय लागते ती धुराने भरलेल्या खोलीत उपयोगी पडते, कारण सिलिंडरमधील हवा किती वेळ पुरेल हे श्वासाच्या गतीवरही अवलंबून असते. तणावात नजर अरुंद होते आणि बोटांची नाजूक कामे चुकतात. वारंवार अशा दडपणाखाली सराव केल्याने मन तुलनेने लवकर सावरते.

शिकलेले सगळेच कामावर वापरायचे नसते. गळा आवळणारे डाव रुग्णावर कधीही करू नयेत, आणि कुणालाही पालथे दाबून त्याच्या पाठीवर वजन देऊ नये, कारण छाती फुगण्यास वाव न मिळाल्याने श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. आवरावेच लागले, तर शक्य तितक्या लवकर कुशीवर वळवून श्वासावर लक्ष ठेवावे. बळाचा वापर नेहमी सेवेच्या नियमांच्या आणि कायद्याच्या चौकटीतच असावा.

आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी एक तास पुरेसा आहे. रात्रपाळीनंतर लगेच मॅटवर उतरू नये, कारण थकलेले शरीर चुकीचे पडते. जुनी दुखापत असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शिवाय शिफ्टमध्ये सहकाऱ्यासोबत दहा मिनिटे, गणवेश, बूट आणि हातमोजे घालून, उभ्या वाहनातील अरुंद जागेत मनगट सोडवण्याचा संथ सराव करावा. तीन महिन्यांनी त्याच सहकाऱ्याला पूर्वसूचना न देता कधीही मनगट पकडायला सांगून ठेवावे. आवाज न चढवता हात सुटला आणि पाय दाराच्या दिशेने वळले, तर पुढचा डाव शिकायला हरकत नाही.