खाणीच्या गाळाचे बांध फुटतात तेव्हा: अभ्यास करणाऱ्यांनो, या चुका टाळा

नाशिकला मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, धरण सुरक्षितता संघटना आहे, त्यामुळे धरणावर प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांचा इथे दुष्काळ नाही. हल्ली बरेच जण खाणकचऱ्याचे बांध फुटल्यावर पर्यावरणाचं आणि माणसांचं काय होतं, हा विषय घेऊन येतात. विषय उत्तम. पण रिपोर्ट उघडला की त्याच त्या चुका. सगळे भिंत बघतात, पाणी कुणीच बघत नाही.

गंगापूर धरणाचं गणित गाळाला लावणं

पाण्याचं धरण आधी बांधून पूर्ण करतात, मग भरतात. टेलिंग्जचं, म्हणजे धातू काढून उरलेल्या दळलेल्या खडकाच्या चिखलाचं धरण खाण चालू आहे तोवर चढतच राहतं. त्यातली सगळ्यात स्वस्त पद्धत अशी, की आतल्या सुकल्यासारख्या दिसणाऱ्या गाळावरच पुढचा बांध चढवायचा. म्हणजे जो माल अडवायचा, त्याच्याच खांद्यावर भिंत. चिलीत १९६५ च्या भूकंपात एल कोब्रेचे बांध कोसळून दोनशेहून जास्त माणसं गेली आणि तिथे या पद्धतीवर बंदी आली. ब्राझीलमध्ये ही बंदी यायला २०१९ उजाडलं.

पोरं काय करतात? तयार सॉफ्टवेअर, पाण्याचीच घनता, रंगीत नकाशा, झालं. आपल्याकडे नाशिकला पूर म्हणजे ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?’, नदीतल्या त्या मूर्तीवरूनच लोक पाणी मोजतात, आणि दोन दिवसांत गोदावरी खाली उतरते. गाळ उतरत नाही, तिथेच बसतो. घरात, विहिरीत, नदीच्या तळाशी.

वरून वाळलं म्हणजे आतून घट्ट झालं, असं समजणं

याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्या जिल्ह्यात एका क्रशरवर वाळू धुण्याचा प्लांट होता. धुतल्यावर निघणारी राखाडी स्लरी मागच्या खड्ड्यात सोडायचे. खड्डा भरला की जेसीबीने त्याच गाळाचा बांध वर ओढायचा, पुढच्या उन्हाळ्यात आणखी थोडा. सांडवा नाही, पाझराला वाट नाही. वरून भेगा पडलेला टणक गाळ. मालक अभिमानाने सांगायचे, “साहेब, यावर भरलेला हायवा उभा करतो.” मी त्यांना पायथ्याशी नेलं. भर मे महिन्यात तिथे हिरवागार लव्हाळा होता. मुरमाड माळावर मे महिन्यात लव्हाळा आपोआप येत नाही, आतलं पाणी त्याला पाजत असतं. पंप लावून आधी पाणी काढा, साठलेलं पाणी बांधाला टेकू देऊ नका, पायथ्याला दगडाचा भार द्या, असं सांगितलं. “पावसाळा होऊ द्या, मग बघू.”

जुलैच्या झडीत एका रात्री बांध बसला. स्लरी ओहोळाने खालच्या द्राक्षबागेत शिरली.

असा बारीक गाळ पाण्याने भरलेला असतो तोवर त्याच्या टणकपणावर विश्वास ठेवू नये. लावलेलं दही भांडं हललं नाही तोवर घट्टच दिसतं. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्योचा बांध हाच प्रकार, फक्त ८६ मीटर उंच. २०१६ पासून त्यात नवा गाळ पडत नव्हता, वर गवत होतं, आदल्याच वर्षी स्थिरतेचं प्रमाणपत्रही मिळालेलं. २५ जानेवारी २०१९ ला, भूकंप नाही, स्फोट नाही, तो काही सेकंदांत वाहू लागला. खाली खाणीचं ऑफिस आणि कँटीन. वेळ दुपारच्या जेवणाची. २७० माणसं गेली. सायरन वाजलाच नाही.

म्हणून माझी सवय: माथ्यावर जायचंच नाही आधी. पायथ्याने चालत जायचं, ओल शोधायची, पाझराचं पाणी बाटलीत धरून बघायचं. स्वच्छ आलं तर नोंद, गढूळ आलं तर फोन, कारण गढूळ म्हणजे आतली माती वाहून चालली. वीस मिनिटं ड्रोन उडवून रिपोर्ट लिहिणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

‘विषारी नाही ना, मग नुकसान कसलं?’

बागायतदाराला तेव्हा हेच ऐकवलं गेलं. दगडाचीच भुकटी, उलट खनिजं मिळतील म्हणे! बोदांवर, म्हणजे वेली लावलेल्या मातीच्या वरंब्यांवर, वीतभर थर बसला, हवा बंद झाली आणि पांढरी मुळी काळी पडत गेली. त्यात मदत म्हणून कुणीतरी पंचनाम्याआधीच जेसीबी घालून गाळ मातीत उलटापालटा केला. आता किती आला, कुठवर आला, दाखवणार काय? आधी फोटो, मग थराची जाडी पट्टीने, मग गाळाचा आणि खालच्या मातीचा वेगवेगळा नमुना, मगच फावडं. पंचनाम्यात नुसतं ‘पिकाचे नुकसान’ लिहू देऊ नका. माती, विहीर, ठिबक वेगळं लिहून घ्या.

आणि गाळ खरोखर विषारी असेल तेव्हाही एकच चाचणी करून मोकळे होऊ नका. रोमानियात बाया मारेला जानेवारी २००० मध्ये सायनाइडचं पाणी फुटून तिसा नदीतले मासे गेले. सायनाइड काळाने विघटित होतं. सोबत आलेले जड धातू तळाच्या गाळात राहतात.

थोडक्यात उरकण्यासारख्या चुका

‘फार पाऊस झाला म्हणून फुटलं.’ दक्षिण आफ्रिकेत मेरीस्प्रूटला १९९४ मध्ये सुमारे ५० मिलिमीटर पावसावर बांध फुटून १७ जण गेले. इगतपुरीला जुलैत एवढा पाऊस कुणी मोजतही नाही. पाणी आधीपासून भिंतीला टेकलेलं होतं.

लहान तलाव म्हणून सोडून देणं. इटलीत स्तावाला १९८५ मध्ये जेमतेम १ लाख ८० हजार घनमीटर गाळ सुटला, २६८ मृत्यू. कॅनडात माउंट पॉलीला २०१४ मध्ये अडीच कोटी घनमीटरच्या आसपास सुटलं, मृत्यू एकही नाही. खाली कोण राहतं ते आधी बघा.

‘भारतात असं होत नाही.’ झारखंडमधलं मुरी, एप्रिल २०१९, अ‍ॅल्युमिना कारखान्याचा लाल चिखल. सिंगरौलीजवळ सासन, एप्रिल २०२०, वीजकेंद्राच्या राखेचा बांध, सहा मृत्यू. आणि आपल्याच नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राची राख, जुलै २०२२.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा सगळीकडे चिकटवणं. त्यातली धरणाची व्याख्या नदीवर पाणी अडवणाऱ्या बांधकामाची आहे. आधी वाचा, मग लिहा.

मृतांच्या आकड्यावर थांबणं

ब्राझीलमधलाच मारियानाजवळचा फुंदाव बांध ५ नोव्हेंबर २०१५ ला फुटला. मृत १९. बहुतेक रिपोर्ट इथे संपतात. गाळ मात्र रियो दोसे नदीतून साडेसहाशे किलोमीटर जाऊन अटलांटिकला मिळाला. वाटेतल्या गव्हर्नादोर व्हालादारेस शहराचं पाणी बंद पडलं, मासेमारी गेली, नदीला पूज्य मानणाऱ्या क्रेनाक आदिवासींची नदीच गेली. बेंतो रोद्रिगेस गाव गाळाखाली गेलं. नव्या गावात लोक राहायला जाईपर्यंत २०२३ साल आलं. तोवर भाड्याच्या घरात कोण म्हातारं झालं, कुणाची शाळा बदलली, नुकसानभरपाईच्या यादीत शेतमजुराचं आणि कुळाचं नाव होतं का, की फक्त सातबारावाल्याचं? आमच्या त्या बागेतही हेच झालं. बाग वाट्याने करणाऱ्या कुटुंबाचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. पुढच्या वेळी रिपोर्ट आणाल तेव्हा ही यादी आधी दाखवा, रंगीत नकाशा नंतर बघू.