लायटरची एक ठिणगी आणि अख्खा मीडियम वेव्ह

रविवारी सकाळी माझ्याकडे रेडिओ शिकायला मुलं येतात. त्यांतला आठवीतला एक जण परवा जुन्या स्कूटरची इग्निशन कॉइल, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं वेटोळं, घेऊन आला. "सर, हिला एरियल जोडू या ना! ठिणगीवर मोर्स, म्हणजे टिंब-रेघांचे संकेत, पाठवता येतो." ठिणगीने रेडिओ संकेत पाठवायला बंदी आहे, म्हणून मी कॉइल कपाटात ठेवली आणि कारण दाखवायला गॅसचा लायटर काढला. मग आम्ही जे केलं, ते तुम्हालाही घरी करता येईल.

सेलवर चालणारा, मीडियम वेव्ह असलेला ट्रान्झिस्टर घ्या आणि खटका दाबल्यावर ठिणगी पाडणारा लायटर घ्या. शेगडीपासून लांब बसा, सिलिंडर बंद ठेवा. आधी एखादं केंद्र लावा. मी पुण्यात राहतो, म्हणून ७९२ किलोहर्ट्झ लावतो. लायटर वीतभर अंतरावर धरून दाबा. बोलण्याच्या मध्येच 'टक्' ऐकू येईल. आता काटा केंद्रावरून हलवून मोकळ्या जागी न्या आणि पुन्हा दाबा. मग काटा पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत दर थोड्या अंतरावर दाबत चला. 'टक्' कुठेही सोडत नाही. मुलाला मी विचारलं, "तुझ्या ठिणगीचं केंद्र कुठल्या आकड्यावर लागतं?" तो बराच वेळ काटा फिरवत राहिला. बंदीचं सगळं कारण त्या प्रश्नात आहे.

ठिणगी-प्रक्षेपकात, म्हणजे ठिणगीने लहरी पाठवणाऱ्या यंत्रात, कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागात विजेचा दाब साठत जातो. दोन टोकांमधली हवा साधारण दर मिलिमीटरला तीन हजार व्होल्टला फुटते. ठिणगी पडते, कपॅसिटर आणि कॉइल यांच्यात वीज मागेपुढे झुलते आणि एरियलमधून लहरी निघतात. पण हे झुलणं लगेच विरतं. देवळातली घंटा वाजवून सोडली तर एक स्वच्छ सूर लांबतो. वाजवल्याबरोबर हाताने धरली तर नुसतं 'ठक्' होतं, त्यात सूर सापडत नाही. समजा, १००० किलोहर्ट्झची लहर दहाच हेलकाव्यांत विरली. म्हणजे ती टिकली एका सेकंदाचा एक लक्षांश भाग. एवढी आखूड लहर सुमारे १०० किलोहर्ट्झ जागेत पसरते. आपल्याकडे मीडियम वेव्हवर एका केंद्राला ९ किलोहर्ट्झचं अंतर मिळतं, म्हणजे ही एकटी ठिणगी अकरा केंद्रांच्या जागेवर बसते. नीट जुळवलेल्या यंत्राची ही गत. घरगुती जुगाडाची याहून वाईट.

सुरुवातीला हाच एक मार्ग होता. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने १८८०च्या दशकात कार्लस्रुहमध्ये ठिणगीनेच लहरी सिद्ध केल्या. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये ठिणगीच्या लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. १९०१ मध्ये मार्कोनीचा संकेत अटलांटिकपार गेला, तोही ठिणगीचाच. तेव्हा आकाशात गर्दी नव्हती. पुढे व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, आले, न विरणारी अखंड लहर मिळाली, आणि १९२७च्या वॉशिंग्टन परिषदेत ठिणगी-यंत्रं टप्प्याटप्प्याने मोडीत काढायचं ठरलं. त्याच वर्षी आपल्या खडकीतून व्हॉल्व्हवर चालणाऱ्या शॉर्ट वेव्हने थेट इंग्लंडशी तारव्यवहार सुरू झाला. तिकडचे संकेत दौंडला घेतले जायचे. हे मी मुलांना मुद्दाम सांगतो, कारण खडकी त्यांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत विरत जाणाऱ्या लहरींचं प्रक्षेपण सर्वच केंद्रांना मना आहे. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असला तरी सूट नाही.

मी त्या मुलाएवढा असताना असंच ठिणगी-यंत्र केलं होतं. कॉइल, बॅटरी, घंटीचा कंपक आणि गच्चीवर ताणलेली तार. खालच्या मजल्यावरच्या आजी रोज संध्याकाळी बातम्या ऐकत. त्या दिवशी त्यांना फक्त खरखर ऐकू आली. त्यांनी रेडिओ दुरुस्तीला टाकला, पदरचे पैसे दिले, आणि रेडिओत काहीच बिघाड नव्हता. मला कळलं तेव्हा त्यांच्यासमोर जाऊन खरं सांगितलं. अजून ते आठवलं की वाईट वाटतं. आणि तो नुसता रेडिओ होता. विमानं आणि कंट्रोल टॉवर यांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर आजही एएमनेच, म्हणजे लहरीचा जोर कमी-जास्त करून, चालतं, आणि एएममध्ये ठिणगीचा खरखराट सरळ आत शिरतो. तुमची ठिणगी तिथवर पसरली, तर पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकाच्या कानात ती जाऊ शकते.

आपल्याकडे १९३३च्या वायरलेस कायद्याने विनापरवाना यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. आता २०२३चा दूरसंचार कायदा आहे, त्यातही परवानगी लागतेच. शिवाय कॉइलच्या टोकांवर हजारो व्होल्ट असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर तर कुणीच उघडू नये, त्याचा धक्का जीव घेतो.

मग हात शिवशिवत असतील तर? पहिलं काम, घरातल्या नको असलेल्या ठिणग्या शोधा. ट्रान्झिस्टरचा काटा केंद्र नसलेल्या जागी ठेवून घरभर फिरा. जिथे खरखर वाढेल तिथे थांबा आणि एकेक बटण बंद करून पाहा. बहुतेकदा ढिला होल्डर, झिजलेला स्विच किंवा मिक्सरच्या मोटरचे कार्बन सापडतात. ढिला होल्डर स्वतः उघडू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा. तिथे आगही लागू शकते.

दुसरं, मोर्स शिका. बझर, सेल आणि संकेत द्यायची एक कळ एवढं पुरतं. एरियल लागत नाही, कुणाला त्रास नाही. बारा वर्षं पूर्ण झाली की हॅमची परीक्षा देता येते, अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो.

मुलाला त्याच्या घरचा आवाज सापडला. देवघरातल्या दिव्याचा होल्डर ढिला होता. वडिलांनी तो त्याच दिवशी बदलून घेतला. इग्निशन कॉइल माझ्या कपाटातच आहे, आणि सध्या तो बझरवर स्वतःचं नाव पाठवायचा सराव करतोय.