हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आणि फोनच्या सेटिंगमध्ये हरवायचं नसेल तर

मोठ्या हॉस्पिटलात पहिल्यांदा गेलं की डॉक्टरांची केबिन सापडते, पाट्या बघत नाहीतर कोणाच्या तरी मागे मागे जात आपण पोचतो बरोबर, पण तिथून परत गेटकडे निघालं की दोन वळणांतच वाटायला लागतं, हा कॉरिडॉर तर आपण बघितलाच नव्हता. फोनमध्ये पण सेम. एखादी सेटिंग आपणच बदललेली असते, पक्कं आठवत असतं की इथेच कुठेतरी होती, आणि आता काही केल्या सापडत नाही. मग लोक म्हणतात, रस्त्यांच्या बाबतीत माझं डोकंच चालत नाही. डोकं बहुतेक वेळा ठीकच असतं, आपण फक्त वळणं पाठ करतो आणि जागा बघायची राहून जाते. ही सवय बदलता येते, आणि जे रस्त्यावर चालतं ते बरंचसं स्क्रीनवर पण चालतं, म्हणून दोन्हीचं एकत्रच लिहितोय.

आधी हे समजून घ्या की डोकं दोन पद्धतीने रस्ता धरतं. एक म्हणजे नुसता क्रम, सरळ, डावीकडे, लिफ्ट, मग उजवीकडे. दुसरं म्हणजे अख्ख्या जागेचं चित्र, कुठली गोष्ट कशाच्या कुठल्या बाजूला आहे ते. रोजच्या रस्त्याला क्रम मस्त चालतो, विचारच करावा लागत नाही, पण लिफ्ट बंद असली किंवा अपडेटमध्ये बटण हललं की एक कडी तुटते आणि आपण अडकतो. चित्र असेल तर दुसरी वाट काढता येते. एडवर्ड टोलमन या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये हेच मांडलं होतं, उंदीर पण चक्रव्यूहात नुसती वळणं घोकत नाहीत, त्यांच्या डोक्यात एक नकाशा तयार होतो. पुढे 1971 मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या ज्या उंदीर ठराविक जागी आला की चालू होतात, 2005 मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या टीमला जागेची जणू जाळीच आखणाऱ्या पेशी सापडल्या, आणि या तिघांना 2014 चं नोबेल मिळालं.

आता कोणी म्हणेल स्क्रीनवर कुठे जागा असते? तर 2015 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात लोकांना कॉम्प्युटरवर फाइल शोधायला लावून मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं. फोल्डर उघडत उघडत जाताना मेंदूचे जे भाग चालू झाले ते खऱ्याखुऱ्या जागेत वाट काढतानाच्या भागांसारखेच निघाले, आणि सर्चमध्ये शब्द टाकून शोधताना भाषेशी संबंधित भाग चालू झाला. म्हणून तर सर्च इतकं चांगलं असून लोक आपल्या फाइल्स फोल्डरमध्ये जाऊनच काढतात. त्यामुळे फोल्डर नीट लावून ठेवणं म्हणजे जुनाट सवय वगैरे काही नाही, बिनधास्त लावा, फक्त त्यांच्या जागा सारख्या हलवू नका.

प्रत्यक्षात करायचं काय तर सगळ्यात महत्त्वाचं एकच सांगेन, मागे वळून बघा. जिथे जिथे परतताना निवड करावी लागणार आहे, म्हणजे दोन कॉरिडॉर मिळतात ती जागा, जिना संपतो ती जागा, तिथे दोन सेकंद थांबा आणि आलात त्या दिशेने बघा. जाताना आपण भिंतीची एक बाजू बघतो आणि येताना दुसरी, म्हणून तोच चौक परतताना अनोळखी वाटतो. जाताना डाव्या हाताला औषधांचं काउंटर होतं एवढं लक्षात ठेवून उपयोग नाही, येताना ते उजवीकडे असणार आणि त्याच्या अलीकडे पाण्याचा कूलर दिसणार, हे मागे वळल्यावरच कळतं. स्क्रीनवर मागे वळणं म्हणजे आत शिरल्यावर वर काय नाव लिहिलंय ते वाचणं आणि एकदा बॅक दाबून आपण नेमकं कुठून आलो ते बघणं. बॅक बटण फक्त बाहेर पडायला नसतं.

खूण निवडताना ती हलणारी नको. उभी केलेली लाल गाडी, दारातला फुगेवाला, ॲपमधला मोठा बॅनर, हे सगळं संध्याकाळपर्यंत गायब होऊ शकतं. पाण्याची टाकी, जिना, भिंतीचा बदललेला रंग, स्क्रीनच्या खालची पट्टी, होमचं चिन्ह, हे टिकतं. केविन लिंच या शहररचनाकाराने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतल्या लोकांना त्यांच्या शहराबद्दल विचारून 1960 मध्ये लिहिलं की माणसं शहर पाच गोष्टींतून लक्षात ठेवतात: वाटा, कडा, वेगवेगळे भाग, नाके आणि ठळक खुणा. यातल्या कडांकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि मला तर त्याच सर्वात कामाच्या वाटतात. नदी, रेल्वेलाइन, हायवे. आपल्याला जायचंय ते ठिकाण लाइनच्या अलीकडे आहे एवढं माहीत असलं तरी पुरे, लाइन ओलांडली की लगेच कळतं चुकलो.

भिंतीवरचा 'आपण इथे आहात' वाला नकाशा बघून उलटं जाणारे कितीतरी लोक असतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. मार्विन लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात यावरच काम केलं, नकाशात जे वर आहे ते आपल्या समोर नसेल तर डोक्याला तो फिरवावा लागतो आणि तिथेच गडबड होते. भिंतीवरचा नकाशा तर फिरवता येत नाही, म्हणून आपणच मनात आधी समोरचं एक दार किंवा जिना नकाशात शोधायचा, मग बाकीचं. फोनवर सोपं आहे, घाईत असाल तर नकाशा आपल्याबरोबर फिरणारा ठेवा, आणि भाग नवीन आहे, ओळख करून घ्यायचीय तर उत्तर दिशा कायम वर ठेवा, सुरुवातीला त्रास होतो पण चित्र पक्कं बसतं.

एक फसगत मात्र माहीत असू द्या. डोकं गोष्टी खणात टाकून ठेवतं आणि मग खणावरून अंदाज बांधतं. अमेरिकेत 1978 मध्ये लोकांना विचारलं की नेवाडा राज्यातलं रीनो शहर कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या कुठल्या दिशेला, तर बहुतेकांनी ते पूर्वेकडे दाखवलं, कारण नेवाडा राज्य कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला ना, प्रत्यक्षात रीनो पश्चिमेकडे आहे. सेटिंगमध्ये आपलं हेच होतं. आपल्या मते नोटिफिकेशनचा आवाज म्हणजे साउंडमध्येच असणार, बनवणाऱ्याने तो कधी कधी नोटिफिकेशनमध्ये ठेवलेला असतो, आणि आपण साउंडमध्येच गोल गोल फिरत बसतो. अशा वेळी सेटिंगमधलं सर्च वापरा, पण मिळाल्या मिळाल्या पुढे पळू नका, खूपदा रिझल्टच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे कशाच्या आत आहे, ते वाचा म्हणजे पुढच्या वेळी शोधावं लागणार नाही.

वेबसाइटवर आपण खरं तर वास घेत जातो. पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या झेरॉक्सच्या संशोधकांनी 1990 च्या दशकात हेच मांडलं, शिकारी जनावर वासावर जातं तशी माणसं लिंकच्या शब्दांवरून अंदाज घेत पुढे जातात. तर प्रत्येक क्लिकनंतर बघा, समोरचे शब्द आपल्या कामाच्या जवळ येतायत का. येत नसतील तर अजून आत शिरू नका, मागच्या फाट्यावर या आणि दुसरी लिंक घ्या.

हरवलोच तर वेग वाढवायचा नाही. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं, सूर्य किंवा चंद्र दिसत नव्हता तेव्हा ती माणसं गोल फिरून आपल्याच वाटेवर परत यायची आणि त्यांना वाटायचं आपण सरळच चाललोय. म्हणून आतला आवाज कितीही ठाम असला तरी बाहेरची एक पक्की खूण हवीच. शेवटची खात्रीची जागा कुठली होती ते आठवा आणि तिथे परत जा, फोनवर ती जागा म्हणजे होम.

जीपीएस वापरू नका असं मी म्हणणार नाही. पण निघायच्या आधी अख्खा रस्ता एकदा झूम आउट करून बघा, आणि येताना आवाज बंद ठेवून या. लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरना लायसन्ससाठी चॅरिंग क्रॉसच्या सहा मैलांतले सुमारे 25,000 रस्ते डोक्यात बसवावे लागतात, आणि 2000 मधल्या अभ्यासात त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या जागा लक्षात ठेवायला मदत करणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा दिसला होता. आपल्याला तेवढं नको, निदान रोजचा भाग तरी आपल्या डोक्यात असावा.

दुसऱ्याला रस्ता सांगताना नुसती वळणं सांगू नका, काय दिसलं की बरोबर चाललाय आणि काय दिसलं की पुढे गेलाय, ही दोन्ही सांगा. फोनवरून आईला काही करायला सांगत असाल तर हे फारच महत्त्वाचं. आपण म्हणतो "अगं सेटिंगमध्ये जा ना", आणि ती कधीच व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये पोचलेली असते. आधी विचारा, "आई, आत्ता सगळ्यात वर काय लिहिलंय ते वाच". मग एकच स्टेप सांगा आणि पुढे काय दिसेल ते पण सांगा, "आता पांढरं पान येईल, वर वाय-फाय लिहिलेलं, आलं का?" नाही म्हणाली तर चिडू नका, बॅक दाबायला सांगा आणि परत वरचं वाचायला सांगा. आणि घरी असाल तेव्हा फोन हातातून काढून घेऊन स्वतः करून देऊ नका, शेजारी बसा, बोट तिचंच चालू द्या.