आयत्या वेळी ठरलेली वज्रेश्वरी-गणेशपुरी: या चुका टाळा

रविवारी सकाळी पोहे खाता खाता कुणीतरी म्हणतं, "चला रे, वज्रेश्वरीला जाऊन येऊ. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसू." ठाण्यातल्या घरांत ही सहल अशीच ठरते. गेल्या हिवाळ्यात आमचीही ठरली. मी, नवरा, मुलगी, आई-बाबा आणि ऐनवेळी येऊन बसलेली आत्या. एवढ्या जणांचं आवरून निघेपर्यंत साडेदहा वाजले.

साडेदहा हीच पहिली चूक. वाटा दोन. घोडबंदर रोडने वर्सोवा पूल ओलांडून महामार्गावर शिरसाड फाट्याला उजवीकडे, पारोळमार्गे. किंवा भिवंडीतून वाडा रस्त्याने अंबाडी नाक्यापर्यंत आणि तिथून डावीकडे. भिवंडीकडून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, घोडबंदरकडून बरंच जास्त. पण एकीकडे गायमुखचा चढ, दुसरीकडे गोदामांचे कंटेनर आणि खड्डे. किलोमीटर मोजून रस्ता निवडू नका, निघायच्या क्षणी मॅप काय म्हणतो ते बघा. सातच्या आत निघालात तर हा प्रश्नच येत नाही.

आम्ही गायमुखला अडकलो. एसी फुल्ल, गाडी भरलेली, आणि तापमानाचा काटा लालकडे सरकायला लागला. अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करायचा. घाम निघतो, पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते. तरीही काटा खाली येत नसेल तर कडेला घेऊन इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास बॉनेटमध्ये हात घालू नका. नवरा रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला होता, बाबांनी मनगट धरलं. झाकणाखाली दाब असतो म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि वाफ थेट तोंडावर येते. घरून निघताना कूलंटची पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे ना, एवढं बघायला एक मिनिट लागलं असतं. स्टेपनीतली हवाही तेव्हाच तपासा.

पोचल्यावरची नेहमीची फसगत म्हणजे वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायथ्याशी गाडी लावून कुंड शोधत हिंडणं. देऊळ टेकडीवर आहे, बावन्न पायऱ्या चढून जायचं. वसईच्या 1739च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडला तो इथे, म्हणून बाहेरून ते किल्ल्यासारखं दिसतं. जरूर बघा. पण ज्या कुंडांसाठी आपण आलो ती पुढे अकलोलीला आणि त्याच्याही पुढे गणेशपुरीत भीमेश्वराच्या देवळाजवळ. आईचे गुडघे पायऱ्यांवरच संपले, म्हणून सांगते: ज्येष्ठ माणसं असतील तर आधी कुंड, मग देऊळ. चैत्री अमावास्येच्या यात्रेत आणि गुरुपौर्णिमेला मात्र गाडी घेऊन जाऊच नका.

आत्याने पर्समधून चार बटाटे काढले, रुमालात बांधलेले. मणिकर्णला तांदूळ शिजवतात ना, तसे हे शिजतील म्हणे! इथलं पाणी कढत असतं, पण उकळतं नव्हे. मणिकर्ण हिमालयातलं, आपली उन्हाळी (कोकणात गरम झऱ्याला उन्हाळं म्हणतात) वेगळी. इथे खाली ज्वालामुखी नाही. ज्या लाव्हारसाने सह्याद्री रचला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवाला. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी तापत जातं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याने असे झरे आहेत. आत्या म्हणते देवीने मारलेल्या राक्षसांचं ते रक्त आहे. बटाटे तिने परत नेले.

आता खरी चूक. बाबा पंचवीस मिनिटं छातीपर्यंत पाण्यात बसले. आम्ही कौतुकाने फोटो काढतोय. "सांधे अगदी मोकळे झाले," म्हणत ते झटक्यात उठले आणि काठाचा दगड धरून तसेच खाली बसले. चेहरा पांढराफटक. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो, आणि सकाळी बीपीची गोळी घेतलेली असेल तर आणखी. त्यांना आडवं केलं, पाय उंच ठेवले, थंड हवेला घेतलं, घोटघोट पाणी दिलं. दहा मिनिटांत रंग परतला. तसं झालं नाही, छातीत दुखायला लागलं किंवा बोलणं अडखळलं, तर थेट दवाखाना गाठायचा. एका वेळी दहा मिनिटं पुरेत, छातीखाली पाणी, आणि उठताना आधी काठावर बसून मग उभं राहायचं. गरोदर बाईने यात उतरूच नये.

मधुमेह असलेल्यांनी आणखी जपायचं. तळपाय बधिर असतील तर चटका कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. प्रत्येक कुंडाचं पाणी वेगळं तापलेलं असतं, म्हणून पाय टाकण्याआधी दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघावं. मुलांना कुंडात बुडी मारू देऊ नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका. साबण तर लावूच नका. पुढच्याने त्याच पाण्यात बसायचंय.

कुंडातून निघून मुलं तानसा नदीत उतरतात, ते थांबवा. वरून शांत दिसते, पण खड्डे कळत नाहीत. पावसाळ्यात नदी फुगली की अकलोलीची काठालगतची कुंडंच पाण्याखाली जातात.

नवी मुंबईकरांना पनवेल-पेण-वाकणवरून पालीजवळचं उन्हेऱ्याचं गरम पाण्याचं कुंड सोयीचं पडेल. बल्लाळेश्वराचं दर्शनही होतं.

आयत्या वेळी निघताना टॉवेल राहतात, कोरडे कपडे राहतात आणि अंगावरचे दागिने अंगावरच राहतात. मुलीचे चांदीचे पैंजण अंबाडी नाक्यावर वडापाव खाताना बघितले तर काळेठिक्कर. गंधकाचा वास येतो त्या पाण्याला, आणि गंधकाने चांदी काळवंडते. घासू नका, झीज होते. भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर पैंजण ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाकून कढत पाणी ओता. पैंजण फॉइलला टेकलेलं हवं. पाच मिनिटांत काळेपणा उतरतो, थोडा कुबट वास येतो. आमचं एक पैंजण उजळलं. दुसऱ्याचा मीना केलेला मोर मात्र मी भीतीने बुडवलाच नाही, तो अजून काळाच आहे.