होल्टर लावताय? खिशात वही-पेन ठेवा

छातीत मधूनच धडधडतं आणि खेड्यावरून परभणीला दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल! साधा ईसीजी जेमतेम 10 सेकंदांचा असतो, त्यात धडधड सापडेलच असं नाही. म्हणून डॉक्टर होल्टर लावतात. छातीवर चिकटपट्ट्या, कमरेला छोटं यंत्र, 24 किंवा 48 तास हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद.

आपल्याकडे खरी अडचण घामाची. मे महिन्यात पट्टी निसटली की तेवढ्या वेळाची नोंद गेली. जाताना अंघोळ करून जा, पण छातीला तेल, पावडर काही लावू नका. नंतर यंत्र निघेपर्यंत अंघोळ नाही. कपडे सैल, सुती, पुढून उघडणारे घाला. पट्टी सुटलीच तर दवाखान्यात फोन करा.

वही मात्र विसरू नका. "दुपारी बरं नव्हतं" याचा डॉक्टरांना काही उपयोग नाही. "3.20, पाण्याची घागर घेऊन जिना चढले, दोन मिनिटं धडधड" असं लिहा. यंत्रावर वेळ दिसत असेल तर घड्याळ त्याच्याशी जुळवून घ्या. आणि यंत्र लावलंय म्हणून दिवसभर बाजेवर पडून राहू नका. रोजची कामं करा, नाहीतर धडधड येणार कुठून?

मुलानं पुण्याहून पाठवलेलं स्मार्टवॉच? काही घड्याळं 30 सेकंदांचा ईसीजी काढतात, अनियमित ठोके पकडतातही. हार्ट अटॅक मात्र ओळखत नाहीत. छातीत दुखलं, घेरी आली, तर घड्याळ बघत बसू नका, 108 लावा.