गाडीचं छत काळं करायचंय? व्हिनाईल रॅप घरच्या घरी असा लावा

व्हिनाईल रॅप म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायची प्लास्टिकची रंगीत फिल्म. पहिल्याच खेपेला अख्खी गाडी रॅप करायला घेऊ नका. बंपर आणि साइड मिरर भल्याभल्यांना घाम फोडतात. छत बऱ्यापैकी सपाट असतं आणि थोडं चुकलं तरी खाली उभ्या माणसाच्या नजरेत सहसा येत नाही. हात बसवायला हीच जागा बरी.

फिल्म घेताना दुकानदाराला ‘कास्ट, एअर-रिलीजवाली’ (खालची हवा निसटू देणारी) असं स्पष्ट सांगा. बोर्ड-बॅनरवाल्यांकडे मिळणारं स्वस्त व्हिनाईल बहुधा कॅलेंडर्ड असतं, म्हणजे रोलरखाली दाबून पातळ केलेलं. ताणलं की ते पुन्हा आक्रसू बघतं आणि उन्हात कडा सोडतं. कास्ट फिल्म पातळ ओतून वाळवलेली असते, त्यामुळे वळणावर निमूट बसते. रोलची रुंदी साधारण १.५२ मीटर, म्हणजे ५ फूट. हॅचबॅकचं छत त्यात एकाच तुकड्यात, जोड न देता निघतं. लांबी मोजून दोन्ही टोकांना चार-चार इंच जास्त धरा. शिवाय फेल्टची (नमद्याची) पट्टी लावलेली स्क्वीजी, म्हणजे फिल्म दाबून बसवायची चपटी पट्टी, गरम हवा सोडणारी हीट गन, कटरची कोरी पाती, मायक्रोफायबरची फडकी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लागेल. जोडीला एक माणूस हवाच.

दिवस नवरात्र ते दिवाळीच्या आसपासचे निवडा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. तापलेल्या पत्र्यावर गोंद टेकताक्षणी धरतो, उचलून नीट करायची सोय राहत नाही. थंडीत उलटं. निफाडकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, तशा सकाळी फिल्म कडक होते आणि गोंद धरत नाही. २० ते ३० अंश आणि बंद शेड, बस.

आता खरं काम, म्हणजे सफाई. अर्धा वेळ इथेच घालवा. माझा पहिला प्रयत्न नाशिकला इंदिरानगरच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये झाला, तोही मार्चमध्ये, शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू असताना. चकचकीत काळ्या फिल्मखाली वाळूचा एक कण मोहरीएवढा फुगून दिसतो, हे तेव्हा कळलं. असे अकरा मोजले आणि सगळं सोलून काढलं.

म्हणून आधी शाम्पूने धुवा. मग क्ले बार (मळलेल्या मातीसारखी मऊ वडी) फिरवून चिकटलेली धूळ, डांबराचे ठिपके काढा. वॅक्स किंवा कोटिंग केलेलं असेल तर ते उतरवा, त्यावर गोंद टिकत नाही. छताच्या बाजूच्या बिडिंग पट्ट्या काढून खालची खाच फडक्याने पुसा. सगळी माती तिथेच दडलेली असते. शेवटी अल्कोहोलने पुसा आणि जमिनीवर पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडत नाही. गाडी पूर्वी कुठे रंगवून घेतली असेल तर त्या जागी चिकटपट्टी दाबून लावा आणि ओढा. रंगाचा पोपडा आला तर रॅपचा नाद सोडा.

काचेच्या फिल्मसारखं साबणाचं पाणी मात्र मारू नका. एअर-रिलीज फिल्मच्या गोंदात हवा जायला बारीक पन्हाळ्या असतात. ही फिल्म कोरडीच लावायची.

दोघांनी चार कोपरे धरून मागचा कागद काढा, फिल्म हलकेच ताणून छतावर टेकवा. ताण चादर घालताना देतो तेवढाच. मधोमध एक पट्टा दाबून घ्या आणि तिथून बाहेरच्या बाजूला स्क्वीजी ओढा. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढला पाहिजे. सुरकुती दिसली की दाबू नका. थांबा, फिल्म उचला, हीट गनची हलकी ऊब द्या. ती आपसूक सपाट होते, मग पुन्हा टेकवा. दाबलेली सुरकुती कायमची राहते. राहिलेला बुडबुडा सुईने टोचून अंगठ्याने बसवा.

कापणी बिडिंगच्या खाचेत करा, पट्टी बसली की धार झाकली जाते. उघड्या रंगावर कटर चालवू नका. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) चिरतो, आणि चीर पत्र्यापर्यंत गेली तर पुढेमागे तिथून गंज धरतो. उघड्यावर रेघ हवीच असेल तर नाईफलेस टेप वापरा, तिच्यातला दोरा ओढला की फिल्म कापली जाते.

कडा आणि वळणं शेवटी पुन्हा तापवायची असतात. ही पायरी गाळणारे बरेच, आणि मग पहिल्या उन्हाळ्यात कोपरा वर आला की फिल्मला शिव्या. कास्ट फिल्मला साधारण ८० ते १०० अंश लागतात. नेमका आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात बघा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. करोनात कपाळासमोर धरायचो ती गन चालणार नाही, तिची मजल तापापुरतीच.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. आरसीवर रंगाची नोंद असते. पुढे पूर्ण गाडीचा रंग बदलायचा बेत असेल तर आधी आपल्या आरटीओत (नाशिककरांनी पेठ रोडच्या) चौकशी करा.

आठवडाभर गाडी धुऊ नका. नंतरही प्रेशर वॉशरचं तोंड कडेवर रोखू नका. आणि दसऱ्याला घरच्यांना आधीच सांगा: हळदी-कुंकवाची बोटं काचेवर ओढा, झेंडूचा हारही रॅपवर सेलोटेपने चिकटवू नका. मॅट फिल्मवर हळदीचा डाग बसला की निघता निघत नाही.